इतिवृत्तातली दुरुस्ती

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्यांच्याबरोबर तीस वर्षं कोर्टाच्या कँटीनमध्ये अर्धा अर्धा चहा प्यायलो त्यांना तर नाहीच. गुपितं सांभाळायची वकिलाला सवय असते — पण ती लोकांची. माझं स्वतःचंही मला सांभाळता आलं. दोन वर्षं झाली, कुणाला शंकासुद्धा आली नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, ते एका अर्थी बरं आहे. ओळखत असतात तर वाकून नमस्कार केला असतात, आणि मी तो घेतलाही असता.

मी पुण्यातल्या एका वकील संघटनेचा अध्यक्ष होतो. संघटना म्हणजे फार काही नाही हो — एक बाररूम, एक लायब्ररी, एक नोटीस बोर्ड आणि पंख्यावरून होणारी भांडणं. पण मी निवडून आलो त्या वर्षी भांडायला नवा विषय मिळाला. ते एआय सगळ्यांच्या मोबाईलमध्ये येऊन बसलं होतं. ज्या नोटिशीच्या मसुद्यात आमची दुपार जायची, ती नोटीस दोन मिनिटांत तयार व्हायला लागली. तरुण वकील खूश होते. आम्ही साठीचे लोक घाबरलो होतो — पण घाबरलोय असं कोण कबूल करतो? आम्ही त्याला तत्त्व म्हणायला लागलो. प्रचाराच्या सभेत मी म्हणालो, "सनद माणसाला मिळते, यंत्राला नाही." टाळ्या थांबेनात. तेवढ्या एका वाक्यावर मी निवडून आलो, असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्याच महिन्यात मी नियम करून घेतला. कुणा सदस्याने यंत्राने रचलेला, अस्तित्वात नसलेला निवाडा कोर्टात दिला, तर शिस्त समिती बसणार. समितीवर अध्यक्ष आणि दोन सदस्य. दोष दिसला तर ठपक्याचं पत्र नोटीस बोर्डावर लागणार, आणि तीन वर्षं त्या सदस्याला संघटनेचं कुठलंही शिफारसपत्र मिळणार नाही. नियम कडक होता. मला त्याचा अभिमान होता.

आणि घरी? घरी माझ्याच मोबाईलमध्ये ते होतं. सूनबाई हिंजवडीला कंपनीत आहे. "बाबा, याला काहीही विचारा, एकदम सॉर्टेड आन्सर देतं," म्हणत तिने एका रविवारी ते घालून दिलं. मी हसण्यावारी नेलं. मग एकदा विचारून पाहिलं. मग रोज विचारायला लागलो. त्याचं कारण होतं, ते सांगतो — सबब म्हणून नाही. माझी सगळी ख्याती निवाडे तोंडपाठ असण्यावर होती. बाररूममध्ये मला 'चालतं कपाट' म्हणायचे. साठी ओलांडली आणि कपाटाचे कप्पे अडकायला लागले. पक्षकारांची नावं आठवायची, वर्ष आठवायचं नाही. वर्ष आठवलं तर मुद्दा निसटायचा. हे लोकांना कळू नये म्हणून मी चेंबरचं दार लोटून घ्यायचो, यंत्राला विचारायचो आणि बाहेर येऊन आठवल्यासारखं सांगायचो.

एवढंच असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — हा पुण्यात गुन्हा नाही, छंद आहे. मी मुद्द्याभोवती फिरतोय, माझं मला कळतंय. अजून थोडा फिरणार आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. कोर्टात युक्तिवाद असला की वकील बाररूममध्ये ज्येष्ठांना विचारतात, "सर, या मुद्द्यावर एखादं सायटेशन?" ज्येष्ठ हातातल्या कुठल्यातरी कागदावर दोन-चार निवाड्यांची नावं लिहून देतात. घेणारा ती घेऊन कोर्टात उभा राहतो. नावं कुणी दिली हे कोर्टात सांगायचं नाही. जो उभा राहिला, त्याचीच ती. उद्या कोर्टाने शाबासकी दिली तरी त्याला, आणि झापलं तरी त्यालाच. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडलेली मी पाहिलेली नाही. आणि ज्येष्ठाने दिलेला निवाडा खरा आहे का, हे त्यालाच विचारणं म्हणजे तर त्याच्या वयाचा अपमान.

सुजाता मेश्रामने मात्र विचारलं होतं. तिच्याविषयी सांगायलाच हवं. मेश्राम मॅडम तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. बौद्ध कुटुंब, वडील नागपूरकडून खडकीच्या कारखान्यात कामाला आलेले. तिने पंधरा वर्षं सरकारी कचेरीत लिपिक म्हणून काढली, नोकरी सांभाळून कायदा शिकली आणि चाळिशीत सनद घेतली. घराण्यातली पहिली वकील. वडिलांनी सनदेची झेरॉक्स काढून, फ्रेम करून, वारज्याच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावली होती. हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना तिचे डोळे भरले होते. सुरुवातीला बाररूममध्ये तिला कुणी टेबल देईना, तेव्हा मी माझ्या टेबलाची एक बाजू दिली होती. ती ते विसरली नाही. मीही विसरलो नव्हतो — चार लोकांत सांगायचोसुद्धा.

त्या वर्षी तिने सरकारी वकिलांच्या पॅनेलसाठी अर्ज केला होता. त्याला आमच्या संघटनेचं शिफारसपत्र लागायचं. पत्रावर सही माझी. "पत्र समोर आलं की लगेच सही करतो," असं मी तिला म्हणालोही होतो.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाशी आली. वारज्यातल्या एका बाईंची पिठाची गिरणी होती, भाड्याच्या गाळ्यात. मालक परस्पर ताबा घ्यायला निघाला होता. त्याला मनाई करावी, असा अर्ज होता आणि गुरुवारी त्यावर युक्तिवाद. "सर, या मुद्द्यावर काही आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं. अहो, हा मुद्दा मला एके काळी झोपेतही सांगता आला असता. त्या दिवशी एक नाव आठवेना. समोर चार जण डबे उघडून बसलेले, माझ्या तोंडाकडे बघत. "थांबा, आणतो," म्हणालो, चेंबरमध्ये गेलो, दार लोटलं. यंत्राने पाच निवाडे दिले. जुन्या कामकाजाच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर मी ते लिहून काढले. माझं अक्षर चांगलं आहे. माझ्या अक्षरात ते पाचही निवाडे माझेच वाटत होते.

आता येतो मुद्द्यावर.

बुधवारी संध्याकाळी कोथरूडला आमच्या सोसायटीची मीटिंग होती, पाण्याच्या टँकरवरून. फोन आला म्हणून मी खाली पार्किंगमध्ये आलो. मेश्राम मॅडम होत्या. "सर, तीन सापडले, वाचले पण. दोन कुठेच मिळत नाहीयेत."

त्या क्षणी मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायला जागा आहे — वकील आहे मी, जागा शोधून काढेन — पण कळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, "मॅडम, ते दोन सोडून द्या." कारण सांगायचीही गरज नव्हती. तीन निवाडे पुरेसे होते. पण 'सोडून द्या' म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, सरांचं कपाट मोडलं. कदाचित तिने विचारलं असतं — मग हे आले कुठून?

मी म्हणालो, "अहो, जुन्या रिपोर्टांतले आहेत ते. ऑनलाइन कुठून मिळणार? मी स्वतः वाचलेत."

ती म्हणाली, "मग सकाळी लायब्ररी उघडल्या उघडल्या बघते, सर." आणि मी आवाजात जरा चीड आणली. तशी ती आणता येते, ज्येष्ठांना तेवढं जमतंच. "कशाला धावपळ? वाचलेत म्हणतोय ना मी?"

"नाही नाही, सर, तसं नाही. सॉरी," ती म्हणाली. सॉरी तिने म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी तिथेच, कुणाच्यातरी स्कूटरला टेकून, यंत्राला विचारलं — हे दोन निवाडे खरे आहेत का? त्याने लगेच माफी मागितली. हे निवाडे पडताळता येत नाहीत, बहुधा ते अस्तित्वातच नाहीत, असं त्याने स्पष्ट लिहिलं. यंत्राला चूक कबूल करायला दोन सेकंद लागले. मी हातातल्या फोनकडे बघत राहिलो. कॉलच्या यादीत सगळ्यात वर तिचंच नाव होतं. मग मी वर गेलो आणि टँकरच्या बाजूने मत दिलं.

गुरुवारी न्यायाधीशांनी त्या दोन निवाड्यांच्या प्रती मागितल्या. तिच्याकडे नव्हत्या. तिने वेळ मागितला, तो मिळाला नाही. त्यांनी स्वतःच शोधलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुठून मिळाले?" ती म्हणाली, "जबाबदारी माझी आहे." मी तिथे नव्हतो, दुसऱ्या मजल्यावर माझं काम चालू होतं. पण बातमी माझ्याआधी बाररूममध्ये पोचली होती. अर्ज फेटाळला गेला, आणि वकिलाने अस्तित्वात नसलेले निवाडे दिले असं आदेशात लिहिलं गेलं. गिरणी महिन्याभरात बंद झाली. अर्ज कदाचित तसाही फेटाळला गेला असता — हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय, विचारू नका. त्या गाळ्याच्या जागी आता दुचाक्या लावतात.

बाररूममध्ये जे बोललं गेलं, तेही लिहितो. "नोकरीतून येतात, घाईघाईत सनदा घेतात, मग हेच व्हायचं." एक जण त्याहून पुढे गेला — 'यांच्यातले', असं काहीतरी म्हणाला आणि मला बघून थांबला. मी चहा ढवळत राहिलो. तिच्याबद्दल हे पटायला त्यांना फारसं काही लागलंच नाही. माझ्याबद्दल कुणी सांगितलं असतं तर पुरावा मागितला असता, आणि पुरावा दिल्यावरही मान हलवली असती. माझं आडनाव, माझं वय, माझा कोथरूडचा पत्ता — हे सगळं माझ्या बाजूने साक्ष देत होतं, हे मला पुरतं माहीत होतं. मी त्याचा फायदा घेतला. नकळत नाही.

मग शिस्त समिती बसली. नियम माझा, अध्यक्ष मी. मी बाजूला होऊ शकलो असतो, आजारी पडू शकलो असतो, वकिलाला पडता येतं. पण मला धास्ती होती की मी नसताना ती बोलेल. म्हणून मी बसलो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ना — इथे कुंपण खुर्चीवर बसून शेताला जाब विचारत होतं.

समितीतल्या दोघांपैकी एक सदस्य चांगले होते, त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. म्हणाले, "मॅडम, एआयवरून काढलंत, असं सांगून टाका. समज देऊ आणि संपवू."

"मी एआय वापरत नाही," ती म्हणाली.

"मग आलं कुठून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, राग नव्हता. पुढचं वाक्य कुणाचं आहे हे माहीत असलेला माणूस जसा थांबतो, तशी ती थांबली होती. तिची पर्स मांडीवर होती. माझ्या अक्षरातला तो कागद त्या पर्समध्ये होता, हे मला पुढे कळलं. मी समोरच्या फायलीची दोरी सोडली, परत बांधली. म्हणालो, "मॅडम, उत्तर नसेल तर तसं नोंदवावं लागेल."

"नोंदवा, सर."

मी स्वतःच्या हाताने लिहिलं — 'सदस्यांनी समाधानकारक खुलासा दिला नाही.' मग ठपक्याचं पत्र लिहायचं होतं. शब्द सुचेनात. दार लोटलं आणि ते पत्र मी यंत्राकडून लिहून घेतलं. 'व्यवसायाच्या प्रतिष्ठेस बाधा' वगैरे त्याने फार सुरेख लिहिलं होतं. मी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली. पत्र नोटीस बोर्डावर महिनाभर होतं. शिफारसपत्र अर्थातच मिळालं नाही. तीन वर्षांनी त्या पॅनेलसाठी तिचं वय उलटून गेलेलं असेल.

ती का बोलली नाही? रीत पाळली म्हणून? टेबलाची अर्धी बाजू आठवली म्हणून? की बोलूनही कुणी ऐकणार नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं म्हणून? मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठल्या तोंडाने मागणार होतो?

पण तिने मला एक संधी दिली होती, हे मागाहून लक्षात आलं. कुठल्याही संघटनेच्या सभेत पहिला विषय ठरलेला असतो — मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. समितीच्या कामकाजाची नोंदही त्यात जोडली जाते. सचिव ते भराभरा वाचतो, कुणी ऐकत नाही, आणि अध्यक्ष विचारतो, "काही दुरुस्ती?" कुणी काही बोललं नाही की अध्यक्ष म्हणतो, "कायम." महिन्याने सर्वसाधारण सभा भरली. ती आली होती. तिच्या जागी मी असतो तर चेहरा दाखवला नसता. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेला बसली होती. सचिवाने वाचलं, 'समाधानकारक खुलासा दिला नाही.' माझी वेळ आली. मी म्हणालो, "काही दुरुस्ती?"

पंखे फिरत होते. मागे कुणीतरी खोकलं. ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ गेला असेल? चार सेकंद, पाच.

"कायम," मी म्हणालो.

सभा संपल्यावर लोक भेळेच्या प्लेटांकडे गेले. ती माझ्यापाशी आली, पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. पाठकोरा, माझ्या अक्षरातला, पाच निवाड्यांचा. तिने तो महिनाभर जवळ ठेवला होता.

"हा तुमचा कागद, सर. आता माझ्याकडे ठेवायचं कारण राहिलं नाही."

आणि मी काय म्हणालो असेन? तीस वर्षं बोलण्यावर पोट भरलेला माणूस मी. मी म्हणालो, "थँक यू."

तिने मान डोलावली आणि ती जिना उतरून गेली.

आता ती वारज्यातच बसते, एका औषधाच्या दुकानावर छोटं ऑफिस आहे. प्रतिज्ञापत्रं, घरगुती वाद, असली कामं करते. सोमवारी कोर्टात येते. कुणाकडून सायटेशन घेत नाही. लायब्ररीत जाते, पुस्तक काढते, उभ्यानेच पान वाचते आणि मग लिहून घेते. मी दिसलो तर "नमस्कार, सर" म्हणते. ती फ्रेम अजून भिंतीवर आहे का, मला माहीत नाही.

माझी मुदत संपली. माजी अध्यक्षांच्या रांगेत बाररूमच्या भिंतीवर माझा फोटो लागला. मला भाषणांना बोलावतात — वकिली आणि एआय, हाच विषय. मागच्या आठवड्यात एका कार्यक्रमात ओळख करून देणारा म्हणाला, "सरांनी त्यांच्या काळात खोट्या निवाड्यांवर कुणाचीही भीड न ठेवता कारवाई केली." टाळ्या झाल्या. मी उठलो, हात जोडले आणि चाळीस मिनिटं बोललो. चांगला बोललो. घरी येऊन तो कागद काढला — मी तो फाडलेला नाही, माझ्या सनदेच्या फायलीत आहे — आणि हे लिहायला घेतलं.

हे लिहून गिरणी सुरू होत नाही, पॅनेल मिळत नाही, दोन वर्षं परत येत नाहीत. मला काही हलकंबिलकं वाटत नाहीये. माफी मागण्यासाठी हे नाही. ती मागायची असती तर वारज्याला जायला वीस मिनिटं लागतात, मी दोन वर्षांत गेलेलो नाही. पण दुरुस्ती सुचवायची ज्याची वेळ होती त्याने ती सुचवली नाही, म्हणून इतिवृत्ताच्या पुस्तकात जशी लिहितात तशीच ती इथे लिहितो.

मागील सभेच्या इतिवृत्तात 'ॲड. सुजाता मेश्राम यांनी समाधानकारक खुलासा दिला नाही' असे नमूद आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे. निवाड्यांची यादी अध्यक्षांनी यंत्रावरून काढून स्वतःच्या हस्ताक्षरात दिली होती. दोन निवाडे सापडत नाहीत असे मेश्राम यांनी आदल्या संध्याकाळी कळवले. अध्यक्षांनी ते स्वतः वाचल्याचे सांगितले. अध्यक्षांनी ते वाचलेले नव्हते. ते खोटे आहेत हे अध्यक्षांना त्याच संध्याकाळी कळले, व त्यांनी मेश्राम यांना कळवले नाही. चौकशीत सर्व प्रश्न मेश्राम यांना विचारण्यात आले. अध्यक्षांना एकही प्रश्न विचारण्यात आला नाही, कारण प्रश्न अध्यक्ष विचारत होते.

सूचक, मी. अनुमोदक कोणी नाही.